ओलावा, खाज आणि संकोच

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती ऐकून सगळे हसतात. परंतु त्या म्हणीतल्या माणसाने पुढे काय केले, हे म्हण सांगत नाही. माझा अंदाज असा की त्याने काहीच केले नसावे. जावयाला सांगितले नसेल, दुसऱ्या वैद्याची पायरीही चढला नसेल. दिवा मालवल्यावर अंधारात खाजवीत बसला असेल आणि सकाळी उठून काही झालेच नाही अशा चेहऱ्याने कामाला लागला असेल. कारण आमच्या वसतिगृहात आजही नेमके हेच चालते.

प्रस्तुत लेखाचा विषय पुरुषांच्या जांघेत आणि जननेंद्रियाभोवती साचणारा ओलावा, त्यातून होणारी त्वचेची आग व खाज, आणि तिची निगा हा आहे. वार्षिकांकात कथा, कविता, प्रवासवर्णने यांच्या पंगतीला हा विषय बरा दिसेल का, अशी शंका एका मित्राने काढली. त्याला मी एवढेच म्हटले, की याच मराठी भाषेत र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालविले. शरीराच्या झाकलेल्या भागांविषयी वाचक त्यांना प्रश्न विचारीत आणि ते सरळ उत्तरे देत. अशा उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, वैद्य नव्हते. मीही वैद्यकाचा विद्यार्थी नाही. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. तेव्हा जे लिहितो आहे ते वाचून, विचारून आणि डोळ्यांसमोर पाहून लिहितो आहे.

विषय सुचला तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात. तेथे सरकारी रुग्णालयातील एक डॉक्टर आरोग्यावर बोलायला आले होते. भाषण संपल्यावर ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे त्यांनी विचारले, तर एक हात वर होईना. तेव्हा त्यांनी कागदाचे तुकडे वाटले आणि नाव न घालता प्रश्न लिहून द्या म्हणाले. चिठ्ठ्या उघडल्यावर सभागृहात प्रथम हशा पिकला, मग हळूहळू शांतता पसरली; कारण मुलांकडून आलेल्या बहुतेक चिठ्ठ्यांत एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली होती. ‘खाली सारखे ओले राहते.’ ‘जांघेत गजकर्ण आहे, मलम लावले की जाते व परत येते.’ ‘खाजेमुळे रात्री झोप नाही.’ एका चिठ्ठीत तर फक्त ‘तिथे खाज’ एवढे दोनच शब्द होते. तिथे म्हणजे कुठे, हे विचारण्याची डॉक्टरांना गरज पडली नाही.

आता मुळात तेथे एवढा ओलावा येतो कुठून? घाम तर सर्वांगाला येतो. माणसाच्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात असे शरीरशास्त्राची पुस्तके सांगतात. परंतु पाठीवरचा घाम वाऱ्याने वाळतो. जांघेतला वाळत नाही. तेथे त्वचेवर त्वचा टेकलेली, वर केस, त्यावर चड्डी, त्यावर जाड जीनची पँट, आणि तशा अवस्थेत आपण बाकावर तासन् तास बसलेले. शिवाय अंडकोशाचे काम निसर्गाने थोडे वेगळे ठेवले आहे. आतल्या वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. त्याशिवाय शुक्रजंतू नीट तयार होत नाहीत. म्हणून ही पिशवी शरीराबाहेर लोंबती ठेवलेली आहे, तिची कातडी पातळ आहे, उकाड्यात ती सैल पडते, थंडीत आखडते, आणि तिला घाम येतो तो थंडावा राखण्यासाठीच. म्हणजे तेथे थोडा दमटपणा असणे हा रोग नव्हे. उलट यंत्र चालू असल्याची ती खूण आहे. वयात येताना जांघेत आणि काखेत आणखी एक प्रकारच्या ग्रंथी काम करू लागतात. त्यांच्या दाटसर स्रावावर त्वचेवरचे जीवाणू पोसतात आणि त्यातून तो विशिष्ट वास येतो. सहावी-सातवीपर्यंत ज्या मुलाच्या अंगाला वास नसतो, त्याला दहावीत तो का येऊ लागतो, याचे उत्तर हे आहे. त्यात त्या मुलाचा दोष काही नाही, आणि अत्तर फवारून तो जातही नाही.

दोष सुरू होतो तो ओलावा तसाच राहू दिला म्हणजे. भात लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभे राहिले की पायाच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी, फुगीर होते आणि सोलवटते. त्याला आपण ‘चिखल्या’ म्हणतो आणि संध्याकाळी ओसरीवर बसून सर्वांसमक्ष तेल-हळद लावतो. जांघेत होते ते निम्मे हेच. पाण्याने मऊ पडलेली कातडी चालताना एकमेकींवर घासते, तिचा वरचा थर निघतो, मग घामातले मीठ त्यावर चरचरते. मांड्या भरलेल्या असतील, चालणे फार असेल, तर हे लवकर होते. एवढ्यावर थांबलेले असेल तर औषधाचे फारसे कामही नसते. जागा धुऊन, टिपून, कोरडी ठेवली, घासणे कमी केले आणि जस्ताचे साधे पांढरे मलम किंवा थोडे खोबरेल लावले, की चार-सहा दिवसांत कातडी भरून येते. चिखल्या आपण सर्वांदेखत दाखवितो आणि जांघ लपवितो, एवढाच काय तो दोहोंत सामाजिक फरक!

परंतु अशा ओल्या, सोलवटलेल्या जागी बहुधा दुसरा पाहुणा येऊन बसतो. तो म्हणजे बुरशी. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर किंवा शिळ्या भाकरीवर येते तिच्याच गणगोतातली, पण माणसाच्या कातडीवर जगणारी. त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि त्यात केराटिन नावाचे द्रव्य असते. नखांत आणि केसांतही तेच. ही बुरशी ते खाते. एका ठिकाणचे खाऊन झाले की बाहेरच्या बाजूला सरकते, म्हणून चट्टा कंकणासारखा वाढतो: कड लाल, उंच, बारीक पुरळांची, आणि मधला भाग त्या मानाने निवळलेला. यालाच आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो. जांघेतला नायटा बहुधा मांडीच्या आतल्या बाजूने पसरतो, मागे नितंबावर आणि वर कमरेवर जातो, पण अंडकोशाला सहसा सोडून देतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंग्रज लोक हिंदुस्थानात आले तेव्हा त्यांनाही हा रोग झाला, आणि त्यांनी त्याला ‘धोबी इच’, म्हणजे धोब्याची खाज, असे नाव देऊन टाकले. कपडे साहेबाचे, घाम साहेबाचा, आणि नाव मात्र धोब्याचे!

हा रोग एकाचा दुसऱ्याला होतो आणि आपलाच आपल्यालाही होतो. पायाच्या बेचक्यात बुरशी असली तर चड्डी पायांतून वर ओढताना ती बरोबर येते. त्यामुळे पायांवर उपचार न करता जांघेला मलम लावणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून जमीन पुसणे होय. डॉक्टरांनी एक सोपी युक्ती सांगितली: आधी मोजे घालावेत, मग चड्डी. ऐकायला गमतीची वाटते, परंतु कारण समजले की पटते. दुसरी वाट पंचाची आणि टॉवेलची. खोलीत चौघे, दोरीवर टॉवेल दोन, असा प्रकार वसतिगृहात नवा नाही. कातडीच्या झडलेल्या बारीक खपल्यांत ही बुरशी कित्येक महिने जिवंत राहू शकते, आणि गार पाण्यात नुसते हिसळलेल्या कपड्यातून ती जात नाही.

येथवर सांगितले ते तसे जुनेच ज्ञान आहे. आता जे सांगणार आहे त्यासाठी खरे म्हणजे हा लेख लिहिला.

पूर्वी नायटा हा चिवट पण सरळ रोग होता. दोन-चार आठवडे बुरशीनाशक मलम लावले की जात असे. २०१० नंतरच्या दशकात भारतात चित्र पालटले. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे रोगी येऊ लागले की ज्यांचे नायटे हातभर पसरलेले आहेत, घरातल्या सर्वांना झाले आहेत आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. या बुरशीच्या एका जातीला २०२० साली जपानमधील शास्त्रज्ञांनी नाव दिले ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’. नावातच ‘इंडो’ आहे. अभिमान वाटावा असा हा मान नव्हे. टर्बिनाफिन नावाचे जे औषध बुरशीचे एक विकर बंद पाडून तिला मारते, त्या विकराच्या रचनेतच या जातीच्या पुष्कळ वाणांनी बदल करून घेतला आहे. त्यामुळे औषध पोहोचते, पण लागू पडत नाही. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथेही या जातीचे रोगी आढळल्याचे जाहीर झाले.

हे असे का झाले याची कारणे एकाहून अधिक आहेत. पण आपल्या हातून घडणारे मोठे कारण दोन-तीन औषधे एकत्र कालवलेल्या मलमांचे आहे. औषधाच्या दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटले की पुष्कळदा जी ट्यूब हातात पडते, तीत बुरशीचे औषध असते, जीवाणूंचे असते आणि शिवाय एक तीव्र स्टिरॉइड असते. स्टिरॉइडचे काम सूज, लाली आणि खाज दाबण्याचे. म्हणून पहिल्या रात्रीच स्वर्गसुख मिळते. परंतु लाली आणि खाज म्हणजे शरीराने त्या बुरशीविरुद्ध मांडलेली लढाई असते. स्टिरॉइड बुरशीला मारीत नाही. ते आपल्याच शिपायांना झोपवते. घरात चोर शिरला असताना भुंकणाऱ्या कुत्र्याला भाकरीतून गुंगीचे औषध घालावे, तसा हा प्रकार. शांतता होते खरी! मग ट्यूब बंद केली की दुप्पट आग. पुन्हा लावली की पुन्हा आराम. असा फेरा सुरू होतो. चट्ट्याची कंकणाकृती कडही पुसली जाते आणि रोग ओळखू येईनासा होतो. अशा रूप पालटलेल्या नायट्याला इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी १९६८ सालीच ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हणजे वेष पालटून वावरणारा नायटा असे नाव दिले होते. म्हणजे धोका अर्धशतकापूर्वीच माहीत होता.

त्यातही जागा कोणती, हे महत्त्वाचे. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या दोघा अमेरिकन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड शरीराच्या निरनिराळ्या भागांना लावून ते किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागातून जेवढे शोषले जाते ते एक धरले, तर अंडकोशाच्या त्वचेतून बेचाळीस पट शोषले गेले. हा आकडा मी वाचला तेव्हा दोनदा तपासून पाहिला. हातावर जे औषध बेताचे, ते तेथे किती भारी पडत असेल! अशी मलमे जांघेत महिनोन् महिने लावली तर कातडी कागदासारखी पातळ होते, खालच्या शिरा दिसू लागतात आणि गर्भारपणानंतर पोटावर उमटतात तसे लांबट पट्टे मांडीच्या सांध्यात उमटतात. नायटा बरा होतो. ते पट्टे जन्मभर राहतात.

आमच्या वसतिगृहातील एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव लिहीत नाही, आणि त्याने लिहू दिलेही नसते. पोलीस भरतीसाठी तो पहाटे सोळाशे मीटर धावण्याचा सराव करी. धावून आल्यावर तीच घामेजली चड्डी, त्यावरच पँट, आणि थेट पहिल्या तासाला वर्गात. पावसाळ्यात जांघेत चट्टा आला. त्याने कोणाला न विचारता दुकानातून ट्यूब आणली. दुकानदारानेही चिठ्ठी मागितली नाही. २०१८ साली केंद्र सरकारने नियम बदलून अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीखेरीज विकता येणार नाहीत असे केलेले आहे, तरीही. दोन दिवसांत आराम पडला. मग ती ट्यूब खोलीतल्या इतरांनीही वापरली आणि दिवाळीच्या सुटीत ती गावी गेली. दिवाळीनंतर चट्टा कमरेपर्यंत पोहोचला, आणि घरी थोरल्या भावाला, वहिनीला आणि मांडीवरच्या लेकराला नायटा झाला. जांघेत लाल पट्टे उमटले. मैदानी चाचणीच्या महिन्यात त्याला नीट चालता येईना. धावण्याचे तर नावच नको. ते वर्ष त्याचे गेले. त्वचेच्या डॉक्टरांनी त्याच्यासह घरच्या सर्वांवर उपचार केले, त्याला कित्येक आठवडे गोळ्या घ्याव्या लागल्या, आणि त्या गोळ्यांचा व तपासण्यांचा खर्च त्या पहिल्या ट्यूबच्या किमतीशी ताडून पाहिला तर हसावे की रडावे ते कळत नाही. त्याच्या वडिलांना मात्र शेवटपर्यंत ‘पायाला लागले होते’ असेच सांगितलेले आहे.

दुकानातून काही घेण्याची वेळ आलीच तर ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही नावे दिसली की ते स्टिरॉइड आहे असे समजावे आणि ट्यूब परत करावी. नुसते क्लोट्रिमॅझोल किंवा तत्सम एकच बुरशीनाशक असलेले मलम चालते. तेही चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे निरोगी कातडीवर लावावे लागते, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावर निदान दोन आठवडे लावीत राहावे लागते. बहुतेकांचे चुकते ते येथे. खाज थांबली की आपण ट्यूब खिडकीत टाकतो. दोन आठवड्यांत उतार दिसला नाही तर मात्र डॉक्टरच.

घरगुती उपायांबद्दल थोडे. कोकणात टाकळ्याचा पाला लावतात; त्याने थोडाफार गुण येत असेल, मी नाकारीत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नायट्यावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळी भुकटी मिळे. नाव गोव्याचे, पण ती निघे ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून. पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात येई. नायटा ती खरोखर घालवी, पण कातडी भाजून काढी आणि कपड्यांवर डाग पाडी. बिब्ब्याबद्दल मात्र स्पष्टच लिहितो: बिब्बा जांघेत कधीही लावू नये. बिब्ब्याच्या तेलाने कातडीला फोड येतात, हे आपल्या आया-आज्यांना ठाऊक असते. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करीत, त्या खुणांखालच्या कातडीला चट्टे उठत, इतके ते जहाल. तीच गोष्ट लसणाची, रॉकेलची आणि पाणी न घालता ओतलेल्या जंतुनाशक द्रवाची. आग झाली म्हणजे औषध लागू पडले, ही समजूत आपल्या लोकांत फार खोल रुजलेली आहे.

प्रत्येक खाज नायट्याची नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती आणि लिंगावर बारीक गाठी असतील, खोलीतले इतरही खाजवीत असतील, तर ती खरूज. तिचा कारक बुरशी नसून डोळ्यांना जेमतेम दिसेल असा किडा आहे, आणि औषध मानेपासून तळपायापर्यंत साऱ्या अंगाला, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावावे लागते. अंडकोशच लालभडक झाला असेल, कडेला सुटे-सुटे पुरळ असतील, किंवा लिंगाच्या टोकाशी पांढरट साय आणि आग असेल, तर ती दुसऱ्या जातीची बुरशी, कॅन्डिडा. ती पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातील साखर तपासावी; मधुमेहाची पहिली खबर कधी कधी अशी मिळते. तपकिरी, गुळगुळीत, फारशी न खाजणारा डाग असेल तर तो जीवाणूंचा असू शकतो. विशिष्ट दिव्याखाली तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. नवा साबण, चड्डीचे रबर, रंग न धुतलेले कापड यांनीही चट्टे उठतात. आणि कधी कधी मूळ कारण केव्हाच गेलेले असते, पण खाजवून खाजवून कातडी हत्तीसारखी जाड झालेली असते आणि ती जाड कातडीच पुन्हा खाज सुटविते.

ओलाव्याचा एक प्रकार घामाचा नसतो. लघवी करून उठल्यावर चड्डीत दोन-चार थेंब पडतात. मूत्रनलिकेच्या वळणात राहिलेले ते पाणी असते. घाई न करता थोडे थांबावे आणि अंडकोशाच्या मागच्या बाजूस बोटांनी हलके दाबून पुढे आणावे, म्हणजे ते निघून जाते. उत्तेजित झाल्यावर येणारा चिकट, पारदर्शक द्रव आणि झोपेत होणारे स्खलन हेही निरोगी शरीराचेच व्यवहार होत. परंतु ओली चड्डी पाहून पोरगा घाबरतो, ‘धातू जातो’ अशी भिंतीवरची जाहिरात वाचतो आणि कोण्या तंबूत जाऊन बापाच्या घामाचा पैसा देऊन येतो. या भीतीमुळे तरुणांना येणारा अशक्तपणा आणि उदासी यांचा अभ्यास करून डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. रोग धातूचा नव्हे, भीतीचा आहे. मात्र पुवासारखा स्राव आणि लघवीला जळजळ, लिंगावर व्रण किंवा फोड, जांघेत अवधाणाची दुखरी गाठ, किंवा वृषणात एकाएकी उठलेली कळ ही लक्षणे वेगळी. यांतली शेवटची तर तासांच्या हिशेबाची असते. नस पिळली गेली असेल तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच रुग्णालय गाठावे.

निगा म्हणाल तर ती फार थोडक्यात सांगण्यासारखी आहे. दिवसातून एकदा, आणि धावून-खेळून आल्यावर पुन्हा, साध्या पाण्याने आणि थोड्या सौम्य साबणाने धुवावे. पुढची कातडी सहज मागे सरत असेल तर मागे घेऊन आतला पांढरा मळ पाण्याने काढावा आणि कातडी परत पुढे आणावी. सरत नसेल तर जोर करू नये. कढत पाणी टाळावे. त्याने खाजेला तेवढ्यापुरते बरे वाटते, मग ती चेवते. धुण्यापेक्षा टिपणे महत्त्वाचे. आपण अंग पुसतो ते छाती-पाठीचे, आणि जांघा ओल्या ठेवूनच चड्डी चढवितो. पंचाचे कोरडे टोक सांध्यात दाबून ओल टिपून घ्यावी आणि मिनिटभर तसेच वाऱ्यावर राहावे. आमच्या न्हाणीघराबाहेर रांग लागलेली असते, तरी एक मिनिट निघते. पावडर ओल्या कातडीवर थापू नये, तिच्या गुठळ्या होऊन घासतात. केस वाटल्यास कात्रीने आखूड करावेत. वस्तऱ्याने तासल्यास बारीक जखमा होतात.

कपड्यांबद्दल सुती घालावे असे सर्वच सांगतात. सुती कापड घाम शोषते हे खरे, पण शोषलेला घाम धरूनही ठेवते. म्हणून सुती असो वा दुसरे, ओले झाले की बदलणे हाच खरा नियम. पहाटे धावणाऱ्याने पिशवीत दुसरी चड्डी ठेवावी. तिला वजन ते किती! पावसाळ्यात मात्र सगळ्यांचीच पंचाईत होते. खोलीच्या आत दोरीवर टाकलेली चड्डी चार दिवस दमटच राहते, आणि सकाळी ती अंगावरच वाळवायची अशी वसतिगृहाची जुनी रीत आहे. त्यावर आम्ही काही जणांनी काढलेला उपाय असा: कपडे गरम पाण्यात भिजवून धुवायचे, घट्ट पिळून उलटे करून पंख्याखाली टाकायचे आणि घालण्यापूर्वी शिवणीवरून इस्त्री फिरवायची. ऊन पडले की सर्वांत आधी गच्चीवर चड्ड्या जाव्यात, शर्ट नंतर. आपल्याकडे उलट असते. चड्डी टॉवेलखाली लपवून वाळत घालतात, म्हणून ती वाळतच नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होते, याची भीती पुष्कळांना वाटते म्हणून तेही लिहितो. जिल्हा रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. केसपेपर काढताना खिडकीवर ‘त्वचेची खाज’ एवढेच सांगितले तरी चालते. कुठे, हे तेथे सांगावे लागत नाही. आत पडद्याआड डॉक्टर पाहतात, किती दिवस झाले, घरात कोणाला आहे, आधी काय लावले, एवढे विचारतात. आधीची ट्यूब सोबत न्यावी, तिचे नाव त्यांना हवे असते. शंका असली तर बोथट पात्याने चट्ट्याची कड हलकेच खरवडून थोडा कोंडा काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. दुखत नाही. माझ्या त्या मित्राबरोबर मी बाहेर बाकावर बसलो होतो. रांगेत तीन तास गेले आणि आतले काम दहा मिनिटांत आटोपले.